जिराफाच्या मानेचं भाडं

आमच्या आत्यानं आयुष्यभर लोकांच्या पँटी आखूड केल्या. तिच्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस आपल्या पँटीपेक्षा बुटका निघायचा. शेवटी साठी उलटल्यावर ती म्हणाली, "बास. आता मी काहीतरी लांब करणार." आणि उरलेल्या कापडांचे जिराफ शिवायला लागली.

जिराफ देखणे होते. मान माझ्या हाताएवढी लांब, आत नुसता कापूस. पंखा लावला की कळपच्या कळप आडवा व्हायचा. मी ते ऑनलाइन बाजारात विकायला ठेवले आणि पहिली खेप हातोहात संपली. आत्यानं खुशीत दारावर पाटी लावली : 'लांबी कमी करून मिळणार नाही.'

मग हिशेब आला. कमिशन, ठरावीक शुल्क, पाठवणी आणि या सगळ्यांवर कर. एका जिराफामागे जे उरलं त्यात एक चहा आला असता, तोही उभ्यानं.

"कमिशनचं समजू शकते," आत्या म्हणाली. "बाजारात बसायचं तर भाडं पडणारच. पण ही पाठवणी एवढी? आत जिराफ आहे की हातोडे?"

"अटींमध्ये असेल," मी म्हणालो.

"तू वाचल्यास ना?"

"मान्य केल्या."

"वाचल्यास का?"

"अगदी मनापासून मान्य केल्या, आत्या."

आत्याच्या यजमानांना, म्हणजे आमच्या काकांना, बारीक अक्षरांची आवड. औषधाच्या खोक्यातला कागद ते पूर्ण वाचतात; औषध घ्यायचं राहून जातं. भिंग घेऊन ते अटींसमोर बसले आणि चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"ऐका. 'खरं वजन आणि खोक्याच्या लांबी-रुंदी-उंचीवरून काढलेलं वजन, यांतलं जे जास्त, त्यावर शुल्क लागेल.' म्हणजे जेवढी जागा अडवेल तेवढा तो जड. मानेच्या आजूबाजूला खोक्यात काय आहे? हवा. आपण गावभर हवा पाठवतोय."

"आणि लोक घेतायत," मी धंद्याची बाजू मांडली.

"मान आखूड कर, विषय संपला," काका म्हणाले.

आत्यानं कात्री उचलून कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. जिराफांना वाचवायला की काकांना, ते कळलं नाही.

"मान कापायची असेल, तर मग पँटीच करते. काढ ती पाटी."

मी घाईघाईनं एका जिराफाची मान वाकवून त्याला लहान खोक्यात कोंबायला लागलो.

"थांब," काका म्हणाले. "'वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्यास परत घ्यावी लागेल. जाण्या-येण्याचा खर्च विक्रेत्याचा.' फोटोत हा ताठ उभा आहे. घरी मान मोडून पोचला, तर येतानाची हवाही आपलीच."

मी पाटी काढली. आत्या मशीनवर बसली. तोंड पँटीपेक्षा आखूड झालेलं.

सकाळी पहिलंच गिऱ्हाईक आलं : एक बाई, लेकाची नवी पँट घेऊन.

"आखूड करा, पण कापू नका हं. वाढता आहे."

"कापते कशाला? आत दुमडते. उंची वाढली की टाके उसवायचे, झालं..." बोलता बोलता आत्या थांबली. "बसा," म्हणाली आणि कपाटाची किल्ली काढून आत गेली.

बाई बराच वेळ बसल्या. त्यांना चहा मी दिला.

दुपारी टेबलावर एक जिराफ झोपला होता. मान मागे वळवून डोकं स्वतःच्याच पाठीवर टेकलेलं, कानामागे एक बटण, पाठीवर त्याचं काजं. मान तेवढीच्या तेवढी, खोका मात्र चपलांचा. काकांनी तो मोजला, गुणाकार केला आणि आवडला म्हणून पुन्हा केला.

नवा फोटो काढला. आत्यानं सांगितलं ते मी खाली लिहिलं : 'जिराफ झोपलेला येईल. बटण काढल्यावर मान उभी राहते. त्याला थोडा वेळ लागतो. घाई करू नये.'

त्या बाईंची पँट देऊन आत्यानं पाटी पुन्हा लावली.

पुढचा हिशेब आला, तेव्हा सगळं वजा जाऊन एका जिराफामागे तिघांचा चहा होत होता, बसून, बिस्किटांसकट. सोबत एका गिऱ्हाइकाचा अभिप्राय होता. काकांनी भिंग घेऊन वाचला.

"'वर्णन पूर्ण वाचलं,'" इथे काकांनी भिंग पुसलं. "'पण बटण अजून काढलेलं नाही. इतका गाढ झोपलाय, उठववत नाही.'"

"झोपू दे," आत्या म्हणाली आणि पुढच्याची मान शिवायला घेतली. ती आधीपेक्षा वीतभर लांब होती.