शुक्रवारी चालणारा कॉम्प्युटर

नरहरीशेठ आपल्या क्लासात येणार, असा निरोप शाळेचा शिपाई गोमा घेऊन आला, तेव्हा जयवंतीने आधी त्याला चहा पाजला आणि मग देवापुढे साखर ठेवली. इतकी वर्षं ज्या माणसाचं वाईट चिंतलं, तो आपल्या पायांनी उंबऱ्याशी येतोय म्हटल्यावर दुसरं काय करायचं? देव काही आंधळा नाही, एवढंच ती पुटपुटली.

वैर साधं नव्हतं. जयवंती पूर्वी बोईसरच्या शाळेत मुलींना टायपिंग शिकवायची. नरहरीशेठ संस्थेचा अध्यक्ष. एमआयडीसीत रंगाचा कारखाना, गावात वजन आणि जिभेला हाड नाही. त्याने कुण्या ओळखीच्या माणसाकडचे जुने टाइपरायटर रंग लावून नवे म्हणून शाळेत आणले. जयवंतीने पहिल्याच दिवशी सांगितलं, यांच्या कळा अडकतात, परीक्षेला पोरी बुडतील. पण बाईमाणसाचं ऐकतंय कोण? परीक्षेत कळा अडकल्या, पोरी नापास झाल्या, पालक शाळेवर चालून आले, आणि भरसभेत हा बाबा उठून म्हणाला, "बाईनं मशिनी मोडल्या. भाकऱ्या थापायचे हात हे, यांना मशीन काय कळनार?"

सभा खो-खो हसली. हेडमास्तर आत्माराम गुरुजींना सगळं ठाऊक होतं, तेही मान खाली घालून बसले. जयवंतीची नोकरी गेली ती गेलीच, वर बाजारात मासळी घ्यायला उभी राहिली तरी मागून कुजबुज व्हायची, मशिनी मोडणारी ती हीच. तिने स्टेशनाजवळ गाळा घेऊन स्वतःचा क्लास काढला, नाव कमावलं, पण ते हसणं काही विसरली नाही. लोणच्यासारखं जपून ठेवलं, आणि ते दर वर्षी आणखी मुरत गेलं.

यंदा तिने क्लासात कॉम्प्युटर घेतला. बोईसरच्या बाजारात तोवर असली चीज कुणी पाहिली नव्हती. नवं मॉडेल, कंपनीची पहिलीच खेप. मुंबईच्या विक्रेत्याने गोड बोलून गळ्यात मारला, आणि थोड्याच दिवसांत कळलं की गळ्यात धोंडा पडलाय. आत वीज पुरवणारा जो डबा असतो, त्यातच खोट होती. वीज जराशी मंदावली की पडदा पांढराफटक, आणि केलेलं काम पाण्यात. स्टॅबिलायझर लावून पाहिला, त्यानेही हात टेकले. कंपनीचा माणूस आला, डबा उघडून बसला आणि शेवटी कबूल झाला. पहिल्या खेपेत हे निघालंय म्हणाला, दिवाळीनंतरच्या मालात बदल करतोय, तुमचाही डबा तेव्हा बदलून देऊ, तोवर सांभाळून घ्या.

सांभाळायचं म्हणजे शुक्रवार पाहून. बाकीच्या जगाचा रविवार, तसा बोईसरच्या कारखान्यांचा शुक्रवार. विजेची ओढाताण होऊ नये म्हणून लावून दिलेली सुट्टी ती. त्या दिवशी मोटारी बंद, भट्ट्या थंड, आणि गावातले दिवे लग्नघरासारखे लख्ख. शुक्रवारी तिचा कॉम्प्युटर शहाण्या सुनेसारखा वागायचा. शनिवारी पहिली पाळी लागली की परत अंगात आल्यासारखा. जयवंतीने मुलींचा सराव शुक्रवारवर टाकला आणि भागवून नेलं.

आता नरहरीशेठला शाळेसाठी तसलेच कॉम्प्युटर घ्यायचे होते. जवळपास चालता नमुना एकच, जयवंतीकडचा. तो बघायला येणार कधी, तर शुक्रवारी. कारखानदाराला सवड दुसऱ्या कुठल्या दिवशी असते?

सुकट निवडता निवडता तिने विचार केला. मशीन सोन्यासारखी आहे म्हणून खोटं सांगितलं, तर हा पठ्ठ्या उद्या तेच आपल्या तोंडावर मारील. खरं सांगितलं, तर घेणारच नाही आणि वाचेल. ह्याने वाचावं? नाव नको. आणि मग तिला एकटीलाच हसू फुटलं. आपलं खरं ह्या माणसाने आजवर कधी मानलंय? तर खरंच सांगायचं, साक्षीदार ठेवून सांगायचं. फक्त जरा जळकं तोंड करून.

शुक्रवारी शेठ आला, सोबत आत्माराम गुरुजी. कॉम्प्युटर भराभर चालला. शेठने शाळेचं नाव टाइप करवून घेतलं, स्वतःचं करवून घेतलं, आणि पडद्यावर आपलं नाव बघून मिशीवर हात फिरवला.

"कशी हाय मशीन?" त्याने विचारलं.

"घेऊ नका," जयवंती म्हणाली. "गुरुजी, तुमीपन ऐका. पहिल्या खेपेत खोट हाय. आज कारखाने बंद म्हनून चालतंय. मंगळवारी संध्याकाळी येऊन बघा, पडदा पांढरा पडतो का नाय. घ्यायचेच असतील तर दिवाळीनंतरची खेप घ्या."

अक्षर न् अक्षर खरं होतं. पण बोलताना तिने नाक मुरडलं, आणि वर एक जास्तीचं वाक्य जोडलं, "शाळेत आले तर माझ्या क्लासात कोन येनार?" हे वाक्य तिने मुद्दाम घडवून ठेवलं होतं. त्या वाक्यापायीच मागचं सगळं फुकट जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शेठ हसला. "ऐकलंत गुरुजी? पोटात दुखतंय बाईच्या." जयवंतीकडे बघून म्हणाला, "तुझं दुकान बसेल म्हनून पोरांनी मागं ऱ्हायाचं काय? मी डोळ्यांनी बघितलं, झ्याक चालते मशीन."

"मंगळवारी या," ती पुन्हा म्हणाली.

"मंगळवारी माझा कारखाना तू चालवशील?" असं विचारून तो चप्पल घालून निघाला. गुरुजी क्षणभर घुटमळले, पण तेही मागोमाग गेले. ते गेल्यावर जयवंतीने दार लावलं आणि खुर्चीत बसून मनसोक्त हसली.

दसरा झाल्यावर कॉम्प्युटर आले. विक्रेत्याने येऊन शुक्रवारीच मांडून दिले, आणि शेठने खोलीला कुलूप ठोकलं. उद्घाटनाआधी कुणी हात लावायचा नाही. उद्घाटन ठरलं तेही शुक्रवारी. ही बातमी ऐकून जयवंतीचा जीव खाली-वर झाला. शुक्रवारी ते चालणार, टाळ्या पडणार, हार पडणार, आणि मागाहून कधीतरी गुपचूप बिघडतील तेव्हा बघायला कोण असणार? तिला अन्न गोड लागेना. पण गोमाच परत सांगत आला की उद्घाटनाला येणाऱ्या मुंबईच्या पाहुण्यांना शुक्रवारची सवड नाही, मंगळवार संध्याकाळ ठरली. जयवंतीने देवापुढे परत साखर ठेवली, आणि ह्या खेपेला मूठभर ठेवली.

मंगळवारी ती लग्नातली पैठणी नेसून गेली. बोलावणं नव्हतं तरी पुढच्या रांगेत जाऊन बसली. स्टेजवर टेबल, टेबलावर हार घातलेला एक कॉम्प्युटर, वरून झगझगीत दिवे. बाहेर एमआयडीसीचा वास हवेत भरून होता, म्हणजे सगळे कारखाने जोरात चालू. ती पाय हलवत बसली. आज ह्याचं तोंड बघायचं. पडदा पांढरा पडला की त्याचं तोंड कसं होतं, तेवढं डोळेभर बघायचं आणि घरी जायचं.

कळ दाबायला मुलगी आली, आणि जयवंतीचा पाय हलायचा थांबला. तानी होती. वाणगावपलीकडच्या पाड्यावरची, शाळेच्या वसतिगृहात राहणारी, दर शुक्रवारी जयवंतीच्या क्लासात येणारी. हात चलाख म्हणून गुरुजींनी तिला नेमली होती. नव्या रिबिनी बांधून ती खुर्चीत ताठ बसली आणि पाहुण्यांचं नाव टाइप करू लागली. अर्धं नाव उमटलं, दिवे मंदावले, आणि पडदा पांढरा झाला.

शेठचं तोंड खरंच पडलं, पण घडीभरच. लगेच तो माइक हातात धरून तानीकडे वळला.

"काय दाबलंस गो? मोडलास ना?" मग लोकांकडे बघून म्हणाला, "पाड्यावरची पोर बसवली, तर दुसरं काय व्हनार? भाकऱ्या थापायचे हात हे."

सभा हसली. तेच हसणं.

तानीचे हात अजून तसेच कळांवर होते. "मी नाय काय केला," ती म्हणाली, पण ते पहिल्या रांगेपर्यंतच पोचलं.

जयवंती कधी उठली तिलाच कळलं नाही. पैठणी सावरत स्टेजवर गेली आणि माइकपाशी उभी राहिली. "आत्माराम गुरुजी, त्या शुक्रवारी क्लासात मी काय सांगितलं होतं ते सगळ्यांना सांगा. आज तरी मान वर करा."

गुरुजी उभे राहिले. त्यांनी सांगितलं सगळं. पहिल्या खेपेतली खोट, मंगळवारी येऊन बघा म्हणालेली ती, दिवाळीपर्यंत थांबा म्हणालेली ती. मुंबईचे पाहुणे शेठकडे बघायला लागले.

"जयवंती, हे मागाहून बघू," शेठ हळूच म्हणाला.

"आत्ताच. पोरीला सांगा, तुझी चूक नाय."

तो तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला.

"माइकवर."

"तुझी चूक नाय," शेठ माइकवर म्हणाला.

"आनी टाइपरायटर कोनी मोडले होते?"

सभेत आता कुणी हसत नव्हतं. शेठने कपाळावरचा घाम पुसला, पाहुण्यांकडे बघितलं, दाराकडे बघितलं. "ते जुनेच आनले होते. जयवंतीनं नाय मोडले," तो म्हणाला, आणि खुर्ची हाताने चाचपत खाली बसला.

एवढ्या वर्षांचं मुरलेलं लोणचं एका घासात तोंडात आलं होतं. जयवंतीला ते गोड लागलं. का खोटं बोला, फार गोड लागलं. तिने तानीचा हात धरला आणि मान वर करून, सगळ्यांच्या मधून बाहेर आली.

फाटकापाशी तानी थांबली. "बाई, तुमाला ठाव होता, मशीन बंद पडनार?"

"होतं."

"मग आदी का नाय सांगलात?"

"सांगितलं होतं मी."

"गुरुजी बोलले ते आयकला मी. पन कोनी ना कोनी पोर बसनारच होती ना त्या खुर्चीत?"

जयवंतीला खोटं सुचलं नाही. "मला त्याचं तोंड बघायचं होतं," ती म्हणाली.

"बघितलात?"

"बघितलं."

तानीने हात सोडवून घेतला. रिबिनी सोडल्या, मुठीत गुंडाळल्या आणि वसतिगृहाच्या वाटेला लागली. जयवंतीने मागून दोनदा हाक मारली, शुक्रवारी सरावाला ये म्हणून. पोरीने मागे वळून बघितलं नाही, आणि त्या शुक्रवारी कॉम्प्युटर दिवसभर लख्ख चालला, तरी ती आली नाही.