पाणबुड्याचा टोप

आमच्या जहाजांच्या संग्रहालयात पगारी माणूस एकही नाही. निवृत्त कप्तान पाहुण्यांना वस्तू दाखवतो, माझी बायको तिकिटं फाडते आणि मी वस्तूंखालच्या चिठ्ठ्या लिहितो. हे काम मला मानवतं. चिठ्ठी वाचणारा मला प्रश्न विचारत नाही.

त्या रविवारी सहलीची बस पहिल्यांदाच येणार होती. सहलवाल्या बाईंना आवडलं तर दर आठवड्याला येणार. नाहीतर वर्षाअखेर दाराला कुलूप, असं आमचं ठरलंच होतं. आणि नेमका सकाळी कप्तानाचा घसा बसला.

"तूच बोल," तो खरखरला. "तुला सगळं पाठ आहे."

"पाठ आहे, पण तोंडातून निघत नाही."

"अहो, घरी माझ्याशी वाद घालताना बरं निघतं!" बायको म्हणाली.

सराव करावा, तर कोणी ऐकेल याची लाज. म्हणून मी पाणबुड्याचा जुना पितळी टोप डोक्यात घातला. आतलं बोलणं आतच घुमतं. दोन-चार वाक्यं जमली. काढायला गेलो, तर कान आडवे आले.

तेवढ्यात बस आली.

बायकोने टोपाची पुढची काच उघडून आत डोकावलं. "जिवंत आहात ना? मग चला, लोक खोळंबलेत."

आणि काय सांगू, मी बोललो! माझं फार तर नाक लोकांना दिसत असेल. शिडं झाली, दीपगृहाचा दिवा झाला. लोक हसलेसुद्धा, तेही हसायच्या जागी.

"आजोबा, पाणबुडे हा टोप काढायचे कसा?" सहलवाल्या बाईंनी विचारलं.

"एकट्याने नाही. बोटीवरचा जोडीदार काढायचा. आणि खरं सांगू का, माझाही अडकलाय."

एकच हशा पिकला. बायकोने खालून हात घालून माझ्या कानांना तेल चोळलं, बाईंनी बाह्या सारल्या, आणि एका हिसक्यात मी बाहेर. चष्मा वाकडा, कान लालबुंद, समोर बसभर माणसं. परत आत शिरायला टोपाकडे हात गेला, तर बायको तो छातीशी धरून चालायलाही लागली होती.

"मग, पुढे काय?" बाई म्हणाल्या.

"पुढच्या खोलीत," मी पुटपुटलो, "सुकाणूचं चाक आहे. फिरवून बघितलं तरी चालतं."

आवाज इतका बारीक, की मागचे लोक ऐकायला पुढे सरकले आणि सगळे मला घेरूनच आत आले. चाकापाशी रांग लागली. जहाज कुठे वळलं, कुठे खडकावर आदळलं, ते मी प्रत्येकाला सांगत राहिलो.

जाताना बाई बसच्या पायरीवरून ओरडल्या, "पुढच्या रविवारी दोन बस आणते! कप्तानसाहेब, घसा बरा करायची घाई नको!"

कप्तान यावर काहीतरी जोरदार बोलला. ऐकू मात्र कोणालाच आलं नाही.