वेंडेलचा बोया

मी बोया, पाण्यावर तरंगणारी खूण. मोठ्या भोपळ्याएवढा, नारिंगी, आत नुसती हवा. माझ्या पोटात काही नाही म्हणूनच माझा उपयोग आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसण्यासारखं फार नाही.

जन्म कारखान्यात. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा आम्ही सगळे भाऊ एकसारखे दिसत होतो. दुकानात टांगलेलो असताना वेंडेलनं आम्हा सगळ्यांना दाबून, थापटून पाहिलं आणि मला काढलं. "हा घट्ट आहे," म्हणाला. आयुष्यात माझं एवढंच कौतुक झालं, पण ते मला पुरलं.

वेंडेल अलास्काच्या किनाऱ्यावरच्या एका मासेमारीच्या लॉजमधला सगळ्यात जुना गाइड. तिथे रस्ता जात नाही. पाहुणे पाण्यावर उतरणाऱ्या विमानानं येतात, चार दिवस मासे धरतात आणि वर्षभर सांगायला गोष्टी घेऊन जातात. वेंडेलची बायको फ्लोरा लॉजचं स्वयंपाकघर सांभाळते आणि त्याच्या बहिणीची मुलगी टेस दुसरी होडी चालवते. तिघंही त्लिंगिट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, खाडीपलीकडच्या गावातले.

सकाळी सॅमन माशांच्या मागे फिरताना मी होडीच्या टोकाशी नुसता पडून असतो. माझं काम हॅलिबटचं. हा चपटा मासा तळाशी पसरून असतो आणि वाढला तर दाराएवढा होतो. त्याच्यासाठी होडी नांगरून थांबावं लागतं. पण मोठा मासा गळाला लागला की तो होडीलाच ओढत नेतो, तेव्हा नांगर वर घ्यायला वेळ कोणाला? मग एक कडी सोडायची, नांगराच्या दोरासकट मला पाण्यात फेकायचं आणि माशामागे जायचं. नांगर तळाशी, मी वर. मासा आवरला की परत येऊन मला शोधायचं आणि पुन्हा दोर धरायचा.

म्हणजे बघा, माझ्यामुळे जे मासे मिळाले, त्यांतला एकही गळाला असताना मी पाहिलेला नाही. आरडाओरडा, फोटो, पाठीवर थापा, सगळं लांब कुठेतरी. मी आपला लाटांवर एकटाच डुलत असायचो. याचा मला राग यायचा. वेंडेल परत येताना दिसला की जायचा.

परतताना बोया आधी कोणाला दिसतो, यावर त्या होडीत पैज असायची. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला कॉफी ओतून द्यायची. ही पैज क्लिफर्डनं सुरू केली. क्लिफर्ड ओहायोत ट्रॅक्टर विकतो आणि दर जुलैत येतो. हरणं त्याला सहन होत नाही आणि गप्प बसणं तर त्याहून नाही.

पहिली काही वर्षं तो हरतच होता. "तो काय तिकडे. ओत कॉफी," वेंडेल म्हणायचा.

"अरे, माणूस आहेस की घार?" क्लिफर्ड कुरकुरत थर्मास उघडायचा.

मग हळूहळू कॉफी वेंडेल ओतू लागला. मला कारण दिसत होतं. होडी सरळ माझ्याकडे यायच्या ऐवजी बाजूनं निघून जायची. वेंडेल कपाळावर आडवा हात धरून भलतीकडेच पाहत असायचा. कुणी विचारलं तर म्हणे, ऊन डोळ्यांवर येतंय. ढगाळ दिवशीही त्याच्या डोळ्यांवर ऊन येऊ लागलं तेव्हा मी समजलो.

एकदा धक्क्यावर मला घासताना तो फ्लोराला म्हणाला, "ज्या दिवशी हा मला सापडणार नाही, त्या दिवशी होडीची किल्ली तुझ्या हातात."

"लक्षात ठेवीन हं," फ्लोरा म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. वेंडेलही नव्हता. होडी सोडून दुसरं काही त्याला करायचंच नव्हतं, म्हणून तर त्यानं स्वतःला ही अट घातली होती.

गेल्या जुलैत क्लिफर्डचा शेवटचा दिवस होता. त्याला मोठा हॅलिबट लागला आणि वेंडेलनं मला फेकलं. ते दूर गेले. थोड्या वेळात ओहोटीची ओढ वाढली आणि प्रवाहाबरोबर समुद्रवेलींचा एक मोठा गुंता वाहत आला. या वेली चांगल्या दोराएवढ्या जाड असतात आणि टोकाला कांद्यासारखा गड्डा असतो. तो सगळा पसारा माझ्या दोरात अडकला. मी जोर लावला, पण हवेचा जोर तो केवढा! मी खाली गेलो. वर हिरवा उजेड, सगळीकडून पाणी आवळतंय आणि डोक्यावरून होडीचा आवाज जातोय. एकदा नाही, कितीदा तरी. वेंडेल मला शोधत होता आणि मी त्याच्या पायाखाली होतो.

होडीत काय झालं ते मला नंतर टेसच्या तोंडून कळलं. क्लिफर्डचा मासा नेमका नियमात न बसणाऱ्या मापाचा निघाला आणि सोडून द्यावा लागला, त्यामुळे स्वारी आधीच चिडलेली. वेंडेल म्हणाला, "बोया ओहोटीनं खाली ओढलेला दिसतोय. थोडं थांबू."

"खाली कसला? आत्ता पाहिला मी! तो बघ, त्या लाटेमागे. डोळे गहाण टाकलेस का रे?"

होडी तिकडे गेली. काही नव्हतं.

"आत्ता तर होता! पलीकडे गेला बघ!"

क्लिफर्डनं वेलीचा गड्डा पाहिला की काहीच पाहिलं नाही, देव जाणे. मासा गेला होता, निदान पैज तरी त्याला जिंकायची होती. असं तीनचारदा झालं. मग वेंडेलनं शोधणं थांबवलं. त्यानं क्लिफर्डला कॉफी ओतून दिली आणि होडी वळवली, कारण विमान यायची वेळ झाली होती. धक्क्यावर क्लिफर्डनं हा किस्सा सगळ्यांना रंगवून सांगितला आणि तो विमानात बसला. वेंडेल सरळ स्वयंपाकघरात गेला आणि किल्ली फ्लोराच्या हातात ठेवून बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी पाणी शांत असताना टेस मला न्यायला आली. ओढ थांबताच मी वर आलो होतो आणि जागच्या जागी डुलत होतो. सुकवलेला सॅमन चघळत ती जरा बसली, तेवढ्यात ओढ सुरू झाली आणि तिच्या डोळ्यांदेखत मी पुन्हा बुडालो. तिनं दोर ओढून वेलींचा ढीग पाहिला आणि कपाळावर हात मारला.

धक्क्यावर फ्लोरा तिला भेटली. मी दोघींच्या पायाशी होतो.

"मामी, बोया खाली गेला होता गं! मामाचे डोळे नव्हते चुकले."

"त्याला सांगितलंस?"

"आत्ता जाऊन सांगते."

"नको सांगूस."

"अगं, पण तो काल जेवलासुद्धा नाही."

"गेल्या वर्षी तो पाहुण्यांसकट खडकावर जाता जाता वाचला. पाहुण्यांना कळलंसुद्धा नाही, हे फक्त मला माहीत आहे. बोया दिसला नाही म्हणून थांबला ना? थांबू दे. खडक न दिसून थांबला असता तर?" फ्लोरानं माझ्या दोरातली एक वेल ओढून पाण्यात भिरकावली. "रडतेस काय? मी रडतेय का?"

रडत दोघीही होत्या.

फ्लोरानं लॉजकडून मला मागून घेतलं. आता मी गावात वेंडेलच्या घराच्या ओसरीवर खिळ्याला टांगलेला असतो. नांगर नाही, दोर नाही, ऊन खाऊन रंगही विटला आहे. वेंडेल माझ्याशेजारच्या खुर्चीत बसतो. कुणी आलं की माझ्यावर टिचकी मारून सांगतो, "हा समोर तरंगत होता. ट्रॅक्टरवाल्याला दिसला, मला नाही." लोक हसतात, तोही हसतो. फ्लोरा आत जाते. टेस आली तर माझ्याकडे बघत नाही.

फ्लोराचं चुकलं असं मी म्हणत नाही. तिनं माणसं वाचवली, त्यांत त्यालाही. पण रोज माझ्याकडे बघून स्वतःवरच हसणारा हा माणूस मला बघवत नाही, आणि माझ्याजवळ तर नुसती हवा आहे. तुम्हाला तोंड आहे. कधी त्या ओसरीवर गेलात तर त्याला सांगा, की त्या दुपारी तिथे पाहण्यासारखं काहीच नव्हतं, तू म्हणालास तेच खरं होतं. एवढं सांगा. किल्ली मात्र त्याच्या हातात देऊ नका.