पायाळूचा पाय

उसण भरली की पायाळूचा पाय पाठीला लावून घ्यायचा, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. जे मूल पायाकडून जन्मतं त्याच्या पायात गुण असतो, असं आपण मानतो. धारूरच्या पेठेत किराणा दुकान चालवणाऱ्या मल्लम्मांच्या घरी असा पाय होता, थोरल्या सुनेचा, शिवांजलीचा. साखर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक कमरेवर हात ठेवून उभं राहिलं, की मल्लम्मा त्याला आत पिटाळत. "जा, आमच्या सूनबाईचा पाय लावून घे. वाकडा आलास, सरळ जाशील!"

या घरात शिवांजलीला मान होता तो त्या पायाचा. आज तोच पाय तिला उचलवत नव्हता.

समोर चटईवर धाकट्या दिराची, मन्मथची, आठ वर्षांची लेक रुद्राणी पालथी पडली होती. कित्येक महिने तिची पाठ दुखत होती. आडवं झालं की दुखणं वाढे, म्हणून पोर भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपे. अलीकडे चालताना डावी चप्पल पायातून निसटायची आणि तिला कळतही नसे. संभाजीनगरला एमआरआय झाला. मज्जारज्जूच्या आतच गाठ निघाली. लवकर ऑपरेशन करू, असं सर्जन म्हणाले. आणि मन्मथ पोरीला घेऊन घरी परतला! कारण मल्लम्मांनी फोनवर बजावलं होतं, "मणक्याला चाकू लागला की लेकरू जन्माचं लुळं पडतं."

ठरलं असं, की अमावास्येपर्यंत शिवांजलीनं रोज पाय लावायचा. मग बघू.

"लाव की गं," मल्लम्मा म्हणाल्या. "कावून थांबलीस?"

"आत्याबाई, ही उसण न्हाई."

"मग काय हाय? तू कवा डाक्टर झालीस?"

रुद्राणीची आई दीपमाला उशाशी बसली होती. ती खाली बघतच म्हणाली, "अक्का, साऱ्या गावाला लावता. माझ्याच लेकराला जड झाला का पाय?"

शिवांजली पेचात सापडली. पाय लावावा, तर गाठीला आयताच वेळ मिळणार. न लावावा, तर जावेच्या लेकरावर डूख धरला म्हणणार. अशा वेळी ती आईला फोन करायची. आई वैशाखात गेली.

तेवढ्यात दुकानातून हाक आली आणि डॉक्टर जिनत आत आल्या. पेठेतल्याच फळवाल्याची ही लेक, मुलांची डॉक्टर. एमआरआय करायला त्यांनीच पाठवलं होतं.

"मावशी, पोरगी इथं कशी? तिला तर ॲडमिट व्हायचं होतं."

"ये बाई. तुझ्या आईची उसण कुणी घालवली, विसरलीस वाटतं?"

"न्हाई विसरले. पण उसण पाहुणी असती मावशी, चार दिवसांनी आपसूक बी जाती. गाठ घर बळकावून बसती."

मन्मथ कळवळून म्हणाला, "पर ऑपरेशनमधी पोरीचे पायच गेले तर?"

जिनत त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. "धोका हाय, मन्मथदादा. मी खोटं बोलणार न्हाई. पण पायातलं बळ आत्ताच जात चाललंय, आणि ते गाठीमुळं. तिथं सूक्ष्मदर्शकातून बघत गाठ काढतात. नसा नीट चालतात का, ते यंत्रावर सारखं तपासतात. पोरगी चालत आत गेली, तर चालत बाहेर यायची आशा जास्त. पाय गेल्यावर नेलीत, तर सर्जन गाठ काढतील, पण गेलेलं बळ कुठून आणतील?"

"पुरे झालं!" मल्लम्मा कडाडल्या. "चाकूपरीस देवानं दिलेला पाय बरा. लाव गं!"

रुद्राणीनं मान वळवली. "मोठी आई, हळू लाव. लई भ्या वाटतं."

शिवांजलीनं अर्धवट उचललेला पाय खाली ठेवला.

"आत्याबाई, हा पाय चाकूनंच जगात आणला!"

ती रुद्राणीच्या शेजारी खाली बसली.

"मी पोटात उलटी होते. सुईण म्हणली, पायाळू हाय, लक्ष्मी हाय, वाट बघा. सांजेपर्यंत बघितली. आई काळीनिळी पडली, तवा माझ्या वडलांनी जीपमधी घालून अंबाजोगाईला नेली. तिथं पोट चिरून मला काढलं. सोयरीक पायाळू म्हणून जुळली, म्हणून आई कधी बोलली न्हाई. तिला शेवटची अंघोळ घालताना तो व्रण मी हातानं पुसलाय. आणखी वाट बघितली असती, तर हा पाय बी नसता आणि मी बी नसते!"

"मग लोकांची उसण?" मल्लम्मांचा आवाज एकदम बारीक झाला.

"जायची ती जायचीच, आत्याबाई."

मल्लम्मांनी नातीच्या पाठीवरून हळूच हात फिरवला. मग जिनतला म्हणाल्या, "चालत आत जायला पायजे म्हणतीस?"

"होय."

"मग बसलास काय रे मन्मथ! गाडी काढ!"

संभाजीनगरला ऑपरेशनच्या दिवशी रुद्राणी चालत आत गेली. गाठ बरीचशी निघाली. मज्जारज्जूला घट्ट चिकटलेला थोडा भाग सर्जननी मुद्दाम सोडला, कारण तो ओढला असता तर पाय गेले असते. सुरुवातीला डावा पाय आणखीच लुळा वाटला, तेव्हा दीपमाला ढसाढसा रडली. पुढे व्यायामानं बळ हळूहळू परतलं. पोर आता शाळेत जाते. तो पाय लवकर दमतो, आणि दर काही महिन्यांनी तपासणीला जावं लागतं.

वाचकहो, लेकराची पाठ आठवडे-आठवडे दुखत असेल, त्या दुखण्यानं त्याची झोप मोडत असेल, पाय अडखळत असेल, मोठं झालेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. डॉक्टरांना दाखवा. ते ऑपरेशन सुचवतील तेव्हा हवे तितके प्रश्न विचारा, भीतीही बोलून दाखवा. पण भीतीपोटी दवडलेले दिवस कुठल्याही सर्जनला परत आणता येत नाहीत. आपली श्रद्धा दवाखान्याच्या वाटेवर लेकराचा हात धरून चालावी. तिनं ती वाट अडवू नये.