नाथाच्या हातचा घुमट

अंबरनाथच्या एमआयडीसीत धर्मेशशेठच्या गाळ्यात नाथा वीस वर्षं लेथवर होता. वाफेवर खरोखर धावणारी छोटी रेल्वे इंजिनं शौकीन लोक घरी जोडतात, त्यांची पितळी सजावट तिथं बनायची. चिमणीची टोपी, शिट्टी आणि इंजिनाच्या पाठीवरचा घुमट. माल परदेशी जायचा. घुमटाला मात्र शेठ नाथाशिवाय कुणाला हात लावू देत नसे. नाथाने लेथवर घडवलेला घुमट त्याची बायको अंजनी बफिंगवर चकाकवायची. सोनिवलीहून दोघं एकाच स्कूटरवर यायची.

गेल्या गणपतीत नाथाचा उजवा हात कापू लागला. डॉक्टर म्हणाले, हे बरं होणारं नाही, गोळ्यांनी दबून राहील. नाथाने अंजनीला कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलं. पण घुमट बिघडू लागले. कुठे काठाला ओरखडा, कुठे गोलाई बसकी. पॉलिश करताना ते आधी अंजनीलाच दिसायचं.

ती त्याला काही बोलली नाही. दुपारी गोळीच्या गुंगीत नाथा बाहेर झाडाखाली आडवा झाला, की ती लेथ चालू करायची. पहिले सात तुकडे वाया गेले, आठवा जमला. मग बिघडलेला घुमट भंगाराच्या डब्यात तळाशी जायचा आणि तिचा घुमट नाथाच्या ट्रेमध्ये. पॉलिश झालेला माल बघून नाथा समाधानाने म्हणायचा, हात कापतो, पण काम काय बिघडत नाही. ती मान डोलवायची.

एक दिवस शेठने नाथाला बोलावलं. परदेशातल्या गिऱ्हाइकाला कारागिराचा फोटो हवा होता. नाथाने घुमट हातात घेतला, काठाखालून नख फिरवलं आणि थबकला; ते वळण त्याच्या हातचं नव्हतं. घुमट छातीशी धरून त्याने फोटो काढून घेतला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीपासून," अंजनी म्हणाली. "तुमचं काम जाऊ नये म्हणून केलं हो."

"मला सांगायचंस ना, अंजनी. मी शिकवलं असतं तुला."

दुसऱ्या दिवसापासून तो गाळ्यावर गेला नाही. आता या, शिकवा, म्हणून तिने हातापाया पडून सांगितलं. तो एवढंच म्हणाला, की तुला येतंय की सगळं.

त्याच्या जागी शेठने अंजनीला लेथवर उभं केलं. घुमट तिला यायचे. चिमणीच्या टोपीची कड काही केल्या साधत नव्हती. एकदा ती टोपी घरी घेऊन आली आणि त्याच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवली. नाथाने ती उचलली. हात एवढा थरथरला, की पितळ ताटाच्या काठावर खडखड वाजू लागलं. त्याने टोपी खाली ठेवली आणि हात मांडीखाली ओढून घेतला.

सकाळी शेठने तीच टोपी पास केली. कड चुकली होती, ते अंजनीला दिसत होतं. नाथाला पुन्हा विचारायचा धीर मात्र तिला कधी झाला नाही.