मी गिळलेला आवाज

मी एक जुनी गिटार आहे, काळी, विजेवर बोलणारी आणि सात तारांची. मित्रांनो, माझ्या बहुतेक बहिणींना सहाच तारा असतात. सगळ्यांत जाड अशी सातवी तार मला मिळाली, तेव्हा मला कोण आनंद झाला होता! खोटं कशाला बोलू, गर्वच झाला होता. माझ्या त्या जाड आवाजापायी एक भला माणूस गप्प झाला, आणि मला ते सगळ्यांच्या आधी कळूनही काही करता आलं नाही. तीच हकीकत सांगते.

माझा जन्म फिनलंडमध्ये, कुओपिओ गावात तळ्याकाठच्या एका कारखान्यात झाला. कारखाना कसला, दोन खोल्या, लाकडाचा भुसा आणि आह्ती नावाचा म्हातारा. त्याने आल्डरचं लाकूड तीन वर्षं वाळवलं, त्यातून माझं अंग कापलं आणि गळा नेहमीपेक्षा दोन बोटं लांब ठेवला. "आखूड गळ्यावर जाड तार ओल्या चादरीसारखी लोंबते," असं तो रंधा मारताना स्वतःशीच पुटपुटायचा.

मला घडवून घेतलं ते तुइरेने. ती पोस्टात काम करायची आणि शनिवारी तिघांच्या बँडमध्ये गिटार वाजवून गायची. ड्रमवर पासी, बेसवर, म्हणजे खालचे जाड सूर वाजवणाऱ्या गिटारवर, उर्हो. उर्हो आणि ती एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर लहानाची मोठी झालेली. त्याने जुना बेस आणला आणि तिने जुनी गिटार, तेव्हापासून दोघं एकमेकांचं ऐकत ऐकतच शिकले. उर्होला बोलणं जड जायचं. आठवडाभर लाकडाच्या गिरणीत तो कानाला झाकणं लावून उभा असायचा. शनिवारी बेस खांद्याला लावला की मात्र त्याला वाचा फुटायची.

माझे पिकअप तेवढे निवडायचे राहिले होते. पिकअप म्हणजे तारांखाली बसणारी डबी. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. आमची थरथर तीच उचलते आणि अॅम्पकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राकडे, धाडते. आह्तीने दोन जोड्या टेबलावर ठेवल्या. एकीत वेढे कमी, आवाज मोकळा. दुसरीत वेढे खच्चून भरलेले.

"आधी तुझ्या बेसवाल्याला घेऊन ये," आह्ती म्हणाला. "सातवी तार त्याच्या अंगणात उतरते. दुकानात एकटीनं वाजवून ठरवू नकोस."

"उर्हो कशाला? त्याला काय, सगळंच चालतं."

"असं तो म्हणतो, का तू म्हणतेस?"

"आह्ती, तू लाकूड बघ रे बाबा, माणसं मी बघते!" त्या गावात आजोबांच्या वयाच्या माणसालाही अरे-तुरेच करतात, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

खच्चून भरलेली जोडी लावली आणि तिने सातवी तार छेडली. खिडकीच्या काचा थडथडल्या, टेबलावरचा कॉफीचा कप सरकत कडेला आला. "हीच!" तुइरे ओरडली. मला तर आकाश ठेंगणं झालं. आह्तीने कप उचलून आत ठेवला.

त्यांची तालीम इमारतीखालच्या निवाऱ्यात चालायची. लढाई पेटली तर रहिवाशांनी लपायचं ते तळघर, वीतभर जाड लोखंडी दाराचं. एरवी तिथे स्की, सायकली आणि असले बँड. पहिल्याच शनिवारी मी त्या भिंती हादरवून सोडल्या. गाणं संपल्यावर तुइरेने विचारलं, "उर्हो, कसं वाटतंय?"

उर्हो जमिनीकडे बघत म्हणाला, "बरं आहे."

मित्रांनो, तिथे लग्नाच्या जेवणालाही "बरं आहे" म्हणतात आणि दाढ उपटल्यावरही "बरं आहे"च. कुठलं कुठलं, ते तोंडाकडे बघून ओळखायचं. तुइरेने बघितलं नाही. "ऐकलंस का पासी? उर्होनं बरं म्हटलं म्हणजे पदकच मिळालं!" पासी हसला, उर्होही थोडा हसला, आणि तालीम संपवून तिघं अंगणात सॉसेज भाजायला गेले.

त्यानंतर दर शनिवारी मी गरजायचे आणि उर्होचा आवाज माझ्याखाली चेंगरायचा. त्याने आधी आपला अॅम्प वाढवून पाहिला. तेव्हा पासी म्हणाला, "अरे, गाणं ऐकू येईना, जरा कमी कर." उर्होने कमी केला, आणि मग कमीच करत गेला.

एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. तुइरे तारेवरचा हात उचलून पाणी प्यायला थांबली, आणि उर्होने तेवढ्यात खालचा सूर वाजवला, की माझी सातवी तार कुणी न छेडता आपोआप थरथरायची. तिचा आणि त्याचा तो सूर एकच होता ना! ऑगस्टमधल्या एका शनिवारी तुइरे थांबली, समोर उर्होची बोटं चालत होती, आणि माझी तार गप्प. मी नीट पाहिलं. त्याच्या बेसवरचं आवाजाचं बटण शून्यावर होतं.

पुढच्या शनिवारीही शून्यावर, त्याच्या पुढच्याही. तो वेळेवर यायचा, एक सूर न चुकता सगळी गाणी वाजवायचा, बेस पुसून पेटीत ठेवायचा. अगं, त्याच्याकडे बघ की, असं मला ओरडावंसं वाटायचं. पण मी पडले वाद्य. जो छेडतो त्याचंच मी बोलणार.

ऑक्टोबरमध्ये पासीने संगणक आणला आणि तिघांचा आवाज वेगवेगळा टिपला. मग ऐकायला बसला तर पडद्यावर उर्होच्या नावापुढे आडवी सरळ रेघ, म्हणजे आवाजच नाही.

"केबल गेली वाटतं," पासी म्हणाला.

"केबल ठीक आहे," उर्हो म्हणाला. "मी बंद ठेवलाय."

"आज?"

"ऑगस्टपासून."

तुइरेचा चेहरा पांढरा पडला. "वेड लागलंय का तुला? सांगायचं नाही? आम्हाला कळलंच नाही!"

"तेच बघत होतो," उर्हो म्हणाला. "कधी कळतंय ते." त्याने बेस पेटीत ठेवला, निवाऱ्याची किल्ली खिळ्याला अडकवली आणि ते जड दार आवाज न करता लावून घेतलं.

बँड तिथेच मोडला. तुइरेने मला घरी भिंतीवर टांगलं. चार वर्षं मी तिथे लटकत होते. तारा गंजल्या, बटणं खरखरू लागली. कुणी पाहुणा मला बघून "वा, सात तारा!" म्हणाला की तुइरे उठून कॉफी ठेवायला जायची. उर्हो त्याच जिन्यात भेटायचा, दोघं मान हलवायची आणि आपापल्या दारात शिरायची. माझी धूळ कुणी पुसली नाही त्याचं मला दुःख नव्हतं. मी त्याच लायकीची आहे असं वाटायचं.

एका मार्चमध्ये तुइरेने मला उतरवलं आणि आह्तीपुढे नेऊन ठेवलं. "ती दुसरी जोडी लाव. मोकळ्या आवाजाची."

"लावतो. पण ऐकणार कोण?" आह्ती म्हणाला. "मागच्या खेपेला एकटीच आली होतीस."

दोन दिवसांनी ती उर्होला घेऊन आली. जिन्यात त्याला गाठून काय म्हणाली ते मला माहीत नाही. तिचे डोळे मात्र सुजलेले होते. उर्होने बेस केव्हाच विकून टाकला होता, म्हणून आह्तीने भिंतीवरचा एक काढून त्याच्या हातात दिला. मोकळी जोडी आणि सुरात लावलेल्या नव्या तारा घेऊन मी टेबलावर नुसती पडून होते. उर्होने बिचकत खालचा सूर वाजवला.

आणि माझी सातवी तार थरथरली! चार वर्षांनी, कुणाचं बोट न लागता. तुइरेने ते पाहिलं आणि थरथर थांबेपर्यंत माझ्यावरची नजर काढली नाही. मग तिने मला उचललं, आणि दोघांनी एक जुनं गाणं वाजवलं.

"कसं वाटतंय?" तिने विचारलं.

"बरं आहे."

तुइरेने मला खाली ठेवलं. त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "बरं म्हणजे काय, उर्हो? नीट सांग. मी बसलेय."

आह्ती कॉफी ओतून परत आला तरी ती जागची उठली नाही.

"तुझं अजून थोडं जास्त होतंय," उर्हो म्हणाला.

मित्रांनो, एवढ्या वर्षांत माझी स्तुती पुष्कळ झाली, पण त्या वाक्याइतकं काहीच मला गोड लागलं नाही. तुइरेने माझं बटण हळूच मागे फिरवलं. तुम्ही कधी माझ्यासारखी गिटार घ्यायला गेलात, तर दुकानात एकट्याने वाजवून भुलू नका. ज्याच्या शेजारी वाजवायचं आहे त्याला बरोबर न्या. आणि तो "बरं आहे" म्हणाला, तर एवढी विनंती ऐका, स्टूल ओढून त्याच्यासमोर बसा.