पेनल्टीच्या वेळी बाथरूममध्ये कोण?

फायनलच्या दिवशी आमच्या घरात जुंपली ती बाथरूममध्ये कोण जाणार यावरून.

त्याचं असं आहे. आमचे बाबा क्रेन चालवायचे. आभाळात टांगलेल्या केबिनमध्ये बसून निवांत डबा खाणारा माणूस, पण आमच्या फुटबॉल टीमला पेनल्टी मिळाली की पाचावर धारण बसायची. थेट बाथरूम गाठायचे, कडी लावायचे आणि काही ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडून पालथ्या बादलीवर बसायचे. गोल झाला की मी धावत जाऊन दार बडवायचे आणि सगळं तिखटमीठ लावून सांगायचे. आई तिकडून करवादायची, “अहो, पाणी वाया चाललंय!”

बाबा आत बसले की गोल होतोच, असा आमचा पक्का हिशोब. नाही झाला तर नळ बारीक सोडला होता म्हणायचं.

बाबा या हिवाळ्यात गेले. आणि ही गाढवं नेमकी याच वर्षी फायनलला पोचली! इतकी वर्षं कुठे झोपली होती कोण जाणे.

बरोबरी, शेवटचं मिनिट, आणि पेनल्टी आपल्याला! मी, दादा आणि काका, तिघांनी एकदम बाथरूमकडे पाहिलं.

“तू जा,” दादा म्हणाला.

“मीच का? तू मोठा ना!”

“मग काका जातील.”

“माझे गुडघे बघ आधी,” काका म्हणाले. “बसलो तर उठवायला क्रेन लागेल.”

“अगं, तो बॉल ठेवतोय! पळ!” दादाने मला चक्क ढकललंच.

कडी लावली, नळ सोडला, बादलीवर बसले. हसू आवरेना. सलूनची मालकीण मी, चार पोरींना धाकात ठेवणारी, आणि बसलेय कुठे! मग एकाएकी डोक्यात आलं, बाबांनी यातला एकही गोल पाहिला नव्हता. सगळे माझ्या तोंडून ऐकले होते, मी वाढवून सांगितलेले. आता मीच आत होते, आणि मला सांगायला धावत येणारं कोणी नव्हतं. असे हुंदके फुटले की नळाचा आवाजही ऐकू येईना.

तेवढ्यात दारावर धडाधड थापा. आई होती! बॉल गोल असतो यापलीकडे जिला फुटबॉलमधलं काही कळत नाही, ती आमची आई.

“अहो, गेला, आत गेला! जिंकलो! अहो, बाहेर या ना!”

मी कडी काढली. आई दोन्ही हात वर करून नाचत होती. मला पाहिलं आणि तिचे हात तसेच वर राहिले.

“अगं बाई,” ती हळूच म्हणाली, “तू होय.”

मी तिला घट्ट मिठी मारली आणि आम्ही दोघी तिथेच ओल्या फरशीवर बसून मनसोक्त रडलो.

“वेड लागलंय का तुम्हाला?” दादा बोंबलत आला. “जिंकलोय आपण! रडताय काय?” असं म्हणत तो आमच्या शेजारी बसला आणि आमच्यापेक्षा मोठ्याने रडायला लागला.